दार उघडताच झेपावणारा कार्पेट पायथन: हाताळणीची सवय का मोडते आणि ती पुन्हा कशी लावावी

ऑस्ट्रेलियात साप पाळणाऱ्या मराठी घरांमधून एक तक्रार वारंवार कानावर येते. पिल्लू आणले तेव्हा ते चावायला धावत होते, मग हळूहळू शांत झाले, घरातली माणसे त्याला हातावर घेऊ लागली, आणि एके दिवशी पेटीची काच सरकवताच त्याने मान मागे खेचून थेट हातावर झेप घेतली. त्यानंतर काही आठवडे कोणी पेटीत हात घालत नाही, मग कोणीतरी धीर करून नव्याने सुरुवात करतो, साप पुन्हा निवळतो आणि काही काळाने पुन्हा तेच घडते. ‘आमचा साप मुळातच रागीट आहे’ असा निष्कर्ष काढून लोक प्रयत्न सोडून देतात. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याची किंमत त्या प्राण्याला मोजावी लागते, कारण हात लावायला घाबरणारा मालक पेटी नीट साफ करत नाही, कात अडकली आहे का ते तपासत नाही आणि साप आजारी पडला तरी त्याला वेळेवर डॉक्टरकडे नेत नाही.

मी येथे कार्पेट पायथन या ऑस्ट्रेलियातल्या बिनविषारी अजगराविषयीच लिहितो आहे, कारण मेलबर्नमध्ये मी तोच पाळतो आणि इथल्या घरांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. परदेशी जातींचे साप पाळायला या देशात बंदी आहे, त्यामुळे बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक येथे ठेवता येत नाहीत. स्थानिक जातीसाठीही राज्य सरकारचा वन्यजीव परवाना लागतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांकडे हे दुसरे साप असतील, तर तापमानाचे आकडे आणि स्वभावातले बारकावे बदलतील, पण निदानाची रीत तीच राहील. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हा मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा. धामण, तस्कर, दिवड किंवा आपला भारतीय अजगर पकडून घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि त्या सापांना ‘माणसाळवण्याची’ कोणतीही पद्धत योग्य नाही. तसेच अंगणात आलेल्या जंगली सापावर यातला कोणताही उपाय कोणीही करून पाहू नये. मेलबर्नच्या बाहेरच्या उपनगरांत उन्हाळ्यात टायगर स्नेक आणि ईस्टर्न ब्राउन स्नेक दिसतात आणि ते दोन्ही अतिविषारी आहेत.

झेप कोणती आहे हे आधी ओळखावे

सापाचे झेपावणे ही एकच समस्या नाही, आणि ती एकच आहे असे मानल्यामुळेच ती परत परत उद्भवते. हातावर येणाऱ्या झेपेमागे भीती असू शकते, भूक असू शकते किंवा शरीरातली अथवा पेटीतली एखादी अस्वस्थता असू शकते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, किंबहुना काही बाबतींत ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. घाबरलेल्या सापाला सावकाशपणा हवा असतो, भुकेल्या सापासमोर सावकाश पुढे येणारा उबदार हात हे आमिष ठरते, आणि दुखत असलेल्या सापाला तर मुळात हाताळूच नये.

भीतीची झेप येण्याआधी साप भरपूर सूचना देतो. तो अंग आक्रसून वेटोळ्यात बसतो, डोके उचलून मागे घेतो, मानेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक देतो, श्वासाबरोबर त्याच्या बरगड्या हलताना दिसतात आणि बहुधा फूत्कारही ऐकू येतो. जीभ एकतर पूर्ण थांबते किंवा भराभर आत-बाहेर होते. झेप झाली की ती आखूड आणि अतिशय जलद असते. तो स्पर्श करून लगेच मागे जातो, कित्येकदा तोंड मिटलेलेच असते. त्याला हात दूर घालवायचा असतो, एवढेच.

भुकेची झेप अगदी वेगळी दिसते. दार सरकल्याचा आवाज होताच साप लपण्याच्या जागेतून स्वतःहून पुढे येतो, डोके खाली आणि समोर ठेवतो, जीभ लांब आणि संथ काढतो, आणि तुमचा हात डावीकडे गेला की त्याचे डोके डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे वळते. फूत्कार नसतो. झेप घेतल्यावर तो सोडत नाही. पकडून ठेवतो आणि अंगाचे वेढे टाकू लागतो. कार्पेट पायथनच्या खालच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. मेलबर्नच्या हिवाळ्यात गार खोलीत तुमचा हात त्या खाचांना एखाद्या सस्तन प्राण्याइतकाच ठळक जाणवतो, आणि त्या हाताला जर थोड्या वेळापूर्वी हाताळलेल्या उंदराचा किंवा घरातल्या कुत्र्या-मांजराचा वास असेल, तर सापाची गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे.

तिसऱ्या प्रकारात आधीची सूचना नसते किंवा ती नेहमीपेक्षा निराळी असते. एरवी निवांत असणारा साप अंगाच्या एका विशिष्ट भागाला स्पर्श होताच झटका देतो, किंवा ठरावीक काळापुरताच बिथरतो आणि मग आपोआप पूर्ववत होतो.

कार्पेट पायथनबद्दल ‘पेटीत राक्षस, बाहेर देव’ असे अनेकजण सांगतात, आणि तो आपल्या घराचे रक्षण करतो असे त्याचे स्पष्टीकरण देतात. मला हे पटत नाही. बाहेर काढल्यावर तोच साप क्षणार्धात शांत होत असेल, तर पेटीतली झेप बहुधा अन्नाच्या अपेक्षेची किंवा डोक्यावरून येणाऱ्या हाताच्या दचक्याची असते, आणि दोन्हींवर उपाय करता येतो.

हात लावण्याआधी पेटी तपासावी

हाताळणीचा सराव सुरू करण्यापूर्वी पेटीतील दोष दूर केले नाहीत, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. सापाला किमान दोन लपण्याच्या जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि त्या इतक्या घट्ट हव्यात की वेटोळे घातल्यावर त्याच्या अंगाला भिंतींचा स्पर्श होईल. एकच लपण असेल तर ऊब आणि आडोसा यांपैकी एकाची निवड त्याला रोज करावी लागते. उबदार जागेचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि थंड टोक २४ ते २६ अंशांच्या दरम्यान असावे. ऊब देणारा दिवा किंवा पॅनेल थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाला, जोडलेले असावे आणि तापमान प्रत्यक्ष मोजावे, हाताने चाचपून ठरवू नये. गारठलेल्या सापाला पळून जाणे जमत नाही, आणि पळण्याची वाट बंद असलेल्या प्राण्याकडे अंगावर जाण्यावाचून फारसे काही उरत नाही.

पूर्ण काचेची, चारही बाजूंनी उघडी पेटी दिवाणखान्यातल्या वर्दळीच्या वाटेवर ठेवली असेल, तर तिच्या तीन बाजू कागदाने किंवा कापडाने झाकाव्यात. कार्पेट पायथन चढणारा साप आहे. उंचावर एक-दोन आडव्या फांद्या असल्या की तो माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतो, आणि वरून येणारी सावली हे भीतीचे मोठे कारण आपसूक कमी होते. केवळ फांद्यांची आणि लपणाची जागा बदलल्यावर शांत झालेले साप मी पाहिले आहेत.

याच वेळी प्रकृतीचीही पाहणी करावी. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल आणि पाण्यात किंवा खवल्यांच्या कडांना काळे बारीक ठिपके दिसत असतील, तर गोचिडीसारख्या माइट किड्यांची शंका घ्यावी. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडाशी फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, डोके सतत वर धरून ठेवणे, ही श्वसनाच्या आजाराची चिन्हे आहेत. यांपैकी काहीही दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे आणि हाताळणीचा विषय तात्पुरता बंद ठेवावा.

भीती असेल तर

अंड्यातून बाहेर येणारे कार्पेट पायथनचे पिल्लू फूटभराहून थोडेसेच लांब असते, आणि जंगलात त्याला कुकाबरा पक्ष्यापासून ते आपल्या घोरपडीचे भाऊबंद असलेल्या गोॲनापर्यंत अनेकजण खातात. त्या वयात जवळ येणाऱ्या प्रत्येक मोठ्या वस्तूवर झेप घेणे हाच त्याचा बचाव आहे. म्हणून पिल्लू चावरे असणे यात दोष काहीच नाही. कार्पेट पायथनच्या उपप्रकारांपैकी उत्तर क्वीन्सलंडमधले ‘जंगल कार्पेट’ या बाबतीत अधिक तापट म्हणून ओळखले जातात आणि ‘मरे-डार्लिंग कार्पेट’ तुलनेने मवाळ. तरी एकाच वीणेतल्या दोन भावंडांतही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

साप डूख धरतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याला तथ्याचा आधार नाही. माणूस ओळखून सूड घेण्यासाठी लागणारी स्मृती आणि हेतू सापाकडे नसतात. मात्र साप शिकत नाही असे समजणे हीदेखील तेवढीच मोठी चूक आहे. झेप घेतली की हात मागे जातो, ही गोष्ट तो अगदी लवकर शिकतो. आपण हात पुढे नेतो, तो मान मागे घेतो, आपण थबकतो, पुन्हा थोडा पुढे नेतो, तो झेपावतो, आपण दचकून हात काढून घेतो आणि दार लावतो. या एका मिनिटात सापाला मिळालेला धडा पुढच्या कित्येक दिवसांच्या सरावाला पुरून उरतो. सवय वारंवार मोडण्याचे सर्वांत मोठे कारण मला येथेच दिसते. तेव्हा सरावाची रचना अशी करावी की झेप घेण्याची वेळच शक्यतो येणार नाही, आणि आलीच तर तिचा उपयोग झाला असे त्याला वाटणार नाही.

नवीन आणलेल्या सापाला पहिला आठवडा-दोन आठवडे हात लावू नये, आणि तो दोन-तीन वेळा नीट जेवेपर्यंत थांबणे तर फारच उत्तम. या काळात पेटीजवळ बसून आपले काम करावे, पाणी बदलावे, विष्ठा उचलावी, पण सापाकडे हात नेऊ नये. मोठी हालचाल जवळ घडते आणि तिच्यातून काही वाईट निष्पन्न होत नाही, एवढेच त्याला कळायला हवे. आपला वापरलेला सदरा पेटीत ठेवल्याने साप मालकाचा वास ओळखू लागतो, असा एक सल्ला नेहमी दिला जातो. त्याने अपाय काही होत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

यानंतर स्पर्शाची पायरी येते. सापाचे डोके लपणात असताना किंवा दुसऱ्या दिशेला असताना, हुकच्या (साप उचलण्याच्या, टोकाला वाकवलेल्या काठीच्या) बोथट टोकाने किंवा कागदी टॉवेलच्या रिकाम्या नळीने अंगाच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करावा. तो ताठरला तर नळी तेथेच स्थिर धरावी. मागेही घेऊ नये आणि पुढेही रेटू नये. थोड्या वेळाने मानेचा बाक सैल होतो आणि जीभ पुन्हा संथ लयीत बाहेर येऊ लागते. मला विचाराल तर या सगळ्या प्रक्रियेत पाहायला शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. बिथरलेल्या सापाची जीभ आखूड आणि तुटक हलते. निवळलेल्या सापाची जीभ लांब बाहेर येते, वर-खाली लहरते आणि मग सावकाश आत जाते. हा बदल दिसला की त्या क्षणी नळी काढून घ्यावी आणि दार लावावे. हात दूर जाण्याचा लाभ त्याला शांत झाल्याबद्दल मिळाला पाहिजे.

जेव्हा स्पर्शाने तो ताठरेनासा होतो, तेव्हा उचलायला सुरुवात करावी. हात वरून नेऊ नये, बाजूने आणि खालच्या पातळीवरून न्यावा, अंगाच्या मध्यभागाखाली सरकवावा आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग सावरावा. डोके किंवा मान कधीही पकडू नये, कारण जंगलात त्याची मान पकडणारा प्राणी त्याला खाणाराच असतो. उचलायचे ठरवले की मग घुटमळू नये. सापाच्या समोर हवेत तरंगत राहिलेला अनिश्चित हात सर्वाधिक वेळा चावला जातो. स्वतःच्या हातावर तुमचा भरवसा नसेल तर हुकने मधला भाग उचलून मग दुसऱ्या हातावर घ्यावा; त्यात कमीपणा काही नाही. जाड चामड्याचे हातमोजे मात्र मी सुचवत नाही. त्यांतून सापाच्या अंगाचा ताण जाणवत नाही आणि नकळत पकड घट्ट होते. पिल्लाच्या चाव्याने टाचणी टोचल्याइतकेच होते. तेवढ्यासाठी लांब बाह्यांचा जाड शर्ट पुरतो.

पहिली काही सत्रे पाच मिनिटांहून मोठी करू नयेत, आणि आठवड्यात दोन किंवा तीन सत्रे पुरेशी आहेत. रोज तासभर हातावर घेतल्याने साप लवकर माणसाळतो हा समज घातक आहे. अशा सापांपैकी काही झेपावणे थांबवतात, कारण त्यांनी प्रतिकार सोडून दिलेला असतो, आणि मग ते खाणेही सोडतात. हातावर असताना त्याला घट्ट धरू नये. एका हातावरून दुसऱ्या हातावर त्याला चालू द्यावे आणि आपण फांदीसारखे राहावे. मधेच त्याने मान आक्रसली तर हालचाल थांबवावी, चेहरा दूर ठेवावा आणि तो सैल होईपर्यंत वाट पाहावी. परत ठेवण्याची वेळ त्याच्या शांततेवर ठरावी, आपल्या घड्याळावर नाही.

भूक असेल तर

येथे सावकाशपणाने काम बिघडते. बहुतेक घरांत पेटीचे दार आठवड्यातून एकदा उघडते आणि उघडले की चिमट्यात धरलेला उंदीर आत येतो. अशा सापाने दाराच्या आवाजावर झेप घेतली तर त्याला दोष कसा देणार? उपाय असा की दार उघडणे आणि जेवण यांचा संबंध तोडावा आणि ‘आता जेवण नाही’ हे सांगणारी एक ठाम खूण त्याला शिकवावी.

दार दर आठवड्याला अनेकदा, वेगवेगळ्या वेळी, जेवणाशिवाय उघडले गेले पाहिजे. प्रत्येक हाताळणीपूर्वी हुकने अंगाच्या मध्यावर, आणि डोके पुढे येत असेल तर हनुवटीच्या बाजूला, हलका पण स्पष्ट स्पर्श करून डोके दुसरीकडे वळवावे. उंदीर असा स्पर्श करत नाही, त्यामुळे सापाची शिकारीची तंद्री मोडते. डोके मागे जाते, जीभ सुरू होते, आणि मग त्याला उचलता येते. जेवणाच्या दिवशी हुक अजिबात वापरू नये, उंदीर नेहमी लांब चिमट्यानेच द्यावा, आणि शक्यतो जेवणाची वेळ संध्याकाळनंतरची व हाताळणीची वेळ दिवसाची ठेवावी, कारण हा साप मुख्यतः रात्री शिकार करतो आणि अंधार पडल्यावर त्याची तयारी वेगळीच असते. हुकचा हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा. एकाने पाळला आणि दुसऱ्याने नाही, तर खुणेला अर्थ उरत नाही.

हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, शक्यतो बिनवासाच्या. खाऊ घालताना वापरलेले कपडे बदलावेत.

सापाला खाण्यासाठी वेगळ्या डब्यात न्यावे म्हणजे पेटीत तो चावणार नाही, असे अनेक जुने पाळणारे आजही सांगतात. मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. जेवणाच्या तयारीत असलेल्या सापाला उचलून नेणे आणि पोट भरल्यावर, शिकारीची उत्तेजना ओसरलेली नसताना, पुन्हा उचलून आणणे, यात चावा बसण्याची शक्यता वाढते आणि खाल्लेले ओकून टाकण्याचा धोकाही असतो. जेवणानंतर किमान ४८ तास, आणि उंदीर मोठा असेल तर पोटाचा फुगवटा दिसेनासा होईपर्यंत, त्याला हात लावू नये.

सततच्या भुकेचाही विचार करावा. वाढत्या वयाच्या सापाला वयाच्या मानाने फार लहान उंदीर दिला जात असेल, तर तो कायम शिकारीच्या पवित्र्यातच राहतो. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्या जाडीचा उंदीर हे ढोबळ माप बहुतेकांना उपयोगी पडते. उलट, ‘भरपूर खाऊ घातले की शांत होईल’ म्हणून प्रौढ सापाला दर आठवड्याला खाऊ घालणे हेही चूक आहे. लठ्ठ साप दीर्घायुषी होत नाही.

ठरावीक काळाने परत येणारा चावरेपणा

ज्यांचा साप महिन्या-दीड महिन्याने बिघडतो आणि पुन्हा सुधारतो, त्यांनी एक वही ठेवावी. तिच्यात जेवणाची तारीख, कात टाकल्याची तारीख, हाताळणीची वेळ आणि त्या वेळी साप कसा वागला, एवढेच लिहावे. दोन-तीन महिन्यांत चित्र स्वच्छ दिसते, आणि बहुतेक वेळा ते चित्र कातीचे असते.

कात टाकण्यापूर्वी सापाचा रंग मंदावतो, पोट गुलाबीसर दिसते आणि डोळे निळसर-दुधी होतात, कारण जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे द्रव साचतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि त्वचाही नाजूक असते. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर काही दिवसांनी कात उतरते. फसगत होते ती या मधल्या टप्प्यात: डोळे निवळलेले पाहून मालक ‘झाले’ असे समजतो आणि हात घालतो. पूर्ण कात उतरलेली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसह, हातात मिळेपर्यंत सत्र घेऊ नये. जुना पापुद्रा डोळ्यावर अडकला असेल तर नखाने काढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांना दाखवावा.

प्रौढ नर हिवाळा आणि वसंताच्या सुमारास अस्वस्थ होतात, जेवण सोडतात आणि पेटीत येरझाऱ्या घालतात. अंडी धरलेली मादी हात लावू देत नाही, आणि अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली तर मुळीच नाही. अशी मादी स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देत असते. हे दिवस जाऊ द्यावेत. येथे सुधारण्यासारखे काही नाही.

चावलाच तर

हात झटकू नये. अजगराचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ओढल्याने आपली कातडी अधिक फाटते आणि त्याचे दातही तुटतात. भीतीचा चावा क्षणात सुटतो. भुकेचा चावा धरून राहिला तर तोंडाच्या कडेवर थंड पाण्याची धार सोडावी. तेवढ्याने सुटला नाही तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस तोंडाजवळ धरावा. वेढे पडले असतील तर ते शेपटीकडून उलगडावेत, डोक्याकडून नाही. सुटल्यावर सापाला शांतपणे पेटीत ठेवावे, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने स्वच्छ धुवावी, आत तुटलेला दात राहिला आहे का ते पाहावे, धनुर्वाताच्या लशीची मुदत तपासावी, आणि लाली किंवा सूज वाढू लागली तर डॉक्टरांकडे जावे. चावा नसला तरी प्रत्येक हाताळणीनंतर हात धुणे आवश्यक आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांनी साप हाताळू नये, असाच आमच्या घरातला नियम आहे. साप दोन मीटरपेक्षा मोठा झाला असेल तर हाताळताना आणि खाऊ घालताना दुसरी प्रौढ व्यक्ती घरात असावी.

भारतवारीनंतरचा साप

परदेशातल्या मराठी घरांना लागू पडणारे एक कारण इतर कोठे फारसे सांगितलेले आढळत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो. डिसेंबर-जानेवारीत येथे शाळांना सुट्ट्या लागतात आणि आपण चार-सहा आठवड्यांसाठी पुण्याला किंवा कोल्हापूरला जातो. साप शेजाऱ्यांच्या किंवा मित्राच्या स्वाधीन केलेला असतो. तो भला माणूस सापाला घाबरतो. तो फक्त जेवणाच्या दिवशी दार उघडतो, चिमट्याने उंदीर आत टाकतो आणि घाईने दार लावतो. म्हणजे दार आणि जेवण यांचा जो संबंध आपण वर्षभर खपून तोडला, तो त्या काही आठवड्यांत पुन्हा घट्ट बांधला जातो. शिवाय येथे तो ऐन उन्हाळा असतो. खोलीचे तापमान वाढलेले, सापाची हालचाल आणि भूक दोन्ही वाढलेली. आपण परत येतो, आनंदाने दार उघडतो आणि साप हातावर झेपावतो.

यावर उपाय जाण्यापूर्वीच करावा. सांभाळणाऱ्याला सापाला हात लावायला सांगू नये, कारण भीतभीत केलेली हाताळणी न केलेल्या हाताळणीपेक्षा वाईट असते. त्याला इतकेच लिहून द्यावे की आठवड्यातून दोन-तीनदा, जेवणाचा दिवस नसताना, दार उघडून पाणी बदलायचे, हुकने सापाच्या अंगाला मध्यावर एकदा स्पर्श करायचा, तो शांत होईपर्यंत थांबायचे आणि दार लावायचे. जेवणाच्या दिवशी हुक बाहेरच राहील. उष्णतेची लाट आली तर खोली थंड कशी ठेवायची आणि थर्मोस्टॅटचा आकडा किती दिसला पाहिजे, हेही त्याच कागदावर असावे, आणि डॉक्टरांचा फोन नंबर त्याखाली लिहावा. निघण्यापूर्वी एकदा त्याच्याकडून आपल्या देखत हे सगळे करून घ्यावे.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी सापाला बाहेर काढू नये. शेवटचे जेवण कधी झाले आणि कात टाकली का, हे सांभाळणाऱ्याला विचारावे, डोळे आणि रंग पाहावा, आणि नळीच्या स्पर्शाच्या पायरीपासून सुरुवात करावी. पूर्वी सवय झालेला साप नव्या सापापेक्षा ही पायरी पुष्कळ लवकर ओलांडतो. दोन आठवडे नियमाने सराव करूनही तो प्रत्येक वेळी भीतीच्याच पवित्र्यात राहत असेल, खात नसेल किंवा एका जागी स्पर्श केल्यावर झटका देत असेल, तर सराव थांबवून त्याला पशुवैद्याकडे न्यावे आणि सोबत ती वही घेऊन जावी.